सलूनची फ्रँचायझी घेण्याआधी कंपनीचे कोष्टक स्वतः पुन्हा मांडा

पत्र: मी सांगलीत विश्रामबाग भागात नऊ वर्षांपासून स्वतःचे ब्युटी पार्लर चालवते. हाताखाली दोन मुली आहेत. यजमान येत्या काही महिन्यांत निवृत्त होत आहेत. परराज्यात मुख्यालय असलेल्या एका नामांकित सलून कंपनीने मला फ्रँचायझी देऊ केली आहे. एकूण गुंतवणूक 38 लाख सांगितली आहे : 6 लाख फ्रँचायझी शुल्क, 26 लाख सजावट आणि यंत्रे, 6 लाख जागेची अनामत व खेळते भांडवल. विक्रीवर 10 टक्के रॉयल्टी आणि 2 टक्के जाहिरात निधी द्यायचा आहे. करार पाच वर्षांचा आहे आणि तोवर माझे पार्लर बंद ठेवायचे आहे. कंपनीच्या कोष्टकाप्रमाणे महिना 6.5 लाखांची विक्री, 1.6 लाख नफा आणि 24 महिन्यांत सगळे पैसे वसूल. यासाठी 20 लाखांचे कर्ज राहते घर तारण ठेवून काढावे लागेल. कायद्याच्या आणि पैशाच्या दृष्टीने यात नेमका धोका कुठे आहे?
– एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार,

पत्रासोबत करारनाम्याचा मसुदा आणि कंपनीचे कोष्टक दोन्ही पाठवलेत, त्यामुळे मोघम बोलण्याची गरज उरली नाही. माझे मत आधीच सांगतो : या अटींवर आणि घर तारण ठेवून हा व्यवहार करू नये. अटी बदलून घेता आल्या तर विचार करण्यासारखा आहे. त्या कोणत्या, ते पुढे ओघात येईलच.

सुरुवात कोष्टकापासून करू, कारण त्यातली आकडेमोड जुन्या कररचनेवर बेतलेली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सलून, न्हावीकाम आणि सौंदर्यसेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी होती. मात्र हा 5 टक्क्यांचा दर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न घेण्याच्या अटीवर आहे. पूर्वी सलूनमालक गिऱ्हाइकाकडून 18 टक्के घेत असे आणि स्वतः रॉयल्टीवर, भाड्यावर, रंगांवर, खुर्च्यांवर भरलेला कर त्यातून वळता करून उरलेला सरकारजमा करत असे. आता ती वळती नाही. जो कर तुम्ही भराल तो तुमचाच खर्च. कंपनीच्या कोष्टकात मात्र एकाही खर्चावर जीएसटी धरलेला नाही, म्हणजे तो परत मिळतो असे गृहीत आहे.

हा फरक किती पडतो ते तुमच्याच आकड्यांवर पाहू. 6.5 लाखांच्या विक्रीवर रॉयल्टी 65,000, तिच्यावर 18 टक्क्यांनी 11,700. जाहिरात निधी 13,000, त्यावर 2,340. भाडे 75,000, त्यावर 13,500. आणि जागामालकाची जीएसटी नोंदणी नाही म्हणून हा खर्च वाचेल असे समजू नका, कारण 10 ऑक्टोबर 2024 पासून अशा व्यापारी जागेच्या भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूनेच उलट पद्धतीने (रिव्हर्स चार्ज), म्हणजे मालकाऐवजी स्वतः, सरकारकडे भरायचा असतो. शाम्पू आणि केसतेल 5 टक्क्यांवर आले असले तरी केसांचे रंग आणि इतर बरीचशी प्रसाधने 18 टक्क्यांतच आहेत, तेव्हा मालाच्या 65,000 च्या खरेदीवर सुमारे 10,000 धरा. बेरीज 37,500 च्या घरात जाते. कोष्टकातला 1.6 लाखांचा नफा इथेच 1 लाख 22 हजारांवर आला. शिवाय फ्रँचायझी शुल्कावर 1.08 लाख आणि सजावट व यंत्रांवर 4.68 लाख कर सुरुवातीलाच भरावा लागेल, त्यामुळे गुंतवणूक 38 लाख न राहता पावणेचव्वेचाळीस लाखांपर्यंत जाते. पहिल्या महिन्यापासून साडेसहा लाखांची विक्री झाली असे मानले तरी वसुलीला 24 नव्हे, जवळजवळ 36 महिने लागतात, आणि यात कर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही.

कंपनी म्हणेल की कर कमी झाल्याने दर थोडे वाढवून हा खर्च भरून काढता येतो. ते अंशतः खरे आहे. पण करारनाम्यानुसार दरपत्रक ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे नसून कंपनीकडे आहे. रॉयल्टीचे प्रमाण विक्रीवर ठरलेले असल्याने दर पाडून गर्दी खेचण्यात कंपनीचे फारसे नुकसान नसते. प्रत्येक कटमागे उरणारे चार पैसे जातात ते तुमचे.

खरी मेख इथेच आहे. कंपनीचे उत्पन्न विक्रीतून वरच्यावर निघते आणि तुमचे सगळे देणे भागवून तळाशी उरले तर उरते. समजा विक्री 6.5 ऐवजी 5 लाख झाली. भाडे तेवढेच, वीज जवळपास तेवढीच, पगारात प्रोत्साहनाची रक्कम कमी होऊन फार तर 15,000 वाचतील. हिशेब मांडून पाहिला तर जीएसटी धरण्याआधीचा नफा 58,000 आणि त्यातून परत न मिळणारा जीएसटी सुमारे 32,000 वजा जाता हातात 26,000 राहतात. वीस लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता 11 टक्के व्याजाने साधारण 43,500 येतो. म्हणजे दरमहा सतरा-साडेसतरा हजार घरातून घालायचे, आणि त्याच महिन्यात कंपनीला रॉयल्टी व जाहिरात निधीपोटी 60,000 पोहोचलेले असतील.

विक्री पाच लाखांवर येणे अशक्य कोटीतले नाही. सरासरी बिल 650 रुपयांचे धरले तर साडेसहा लाखांसाठी महिन्याला 1000 बिले, म्हणजे एकही सुटी न घेता रोज 33-34 बिले व्हावी लागतात. आपल्याकडचा धंदा कसा हलतो ते तुम्हाला कोणी सांगायला नको. श्रावणात पुरुष गिऱ्हाईक दाढी-कटिंगला फिरकत नाही, पितृपंधरवडा थंड जातो, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की एकदम उसंत मिळत नाही. वर्षाची सरासरी काढून बारा समान महिने मांडणारे कोष्टक मुख्यालयातल्या माणसाने केलेले असते. तुमच्या नऊ वर्षांच्या वह्या काढा आणि महिनावार चढउतार स्वतः त्यावर बसवा. त्यातच घरपोच सेवा देणाऱ्या ॲपचाही विचार ठेवा. अर्बन कंपनी सप्टेंबर 2025 मध्ये शेअर बाजारात आली, तिला भाड्याची जागा लागत नाही, आणि अशा सेवा मोठ्या शहरांपुरत्याच राहतील याची हमी पाच वर्षांच्या करारात कोणी देऊ शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम 1872, व्यापारचिन्ह अधिनियम 1999 आणि असेच इतर कायदे मिळून काम चालते. अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सही होण्याच्या किमान 14 दिवस आधी एक सविस्तर प्रकटन-दस्तऐवज द्यावा लागतो. त्यात 23 बाबी असतात : कंपनीवरचे दावे, लेखापरीक्षित ताळेबंद, किती शाखा उघडल्या, किती बंद पडल्या, किती हस्तांतरित झाल्या, सध्याच्या आणि सोडून गेलेल्या फ्रँचायझीधारकांचे संपर्क. आपल्याकडे हे देण्याची सक्ती नाही, पण मागण्याला बंदीही नाही. हीच माहिती लेखी मागा. विशेषतः गेल्या तीन वर्षांत ज्यांनी शाखा बंद केल्या त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी प्रत्यक्ष बोला. कंपनी ज्यांचे क्रमांक आपणहून देते ते अर्थातच खूश असलेले लोक असतात. या मागणीला कंपनी कसा प्रतिसाद देते, यावरूनही बरेच काही कळेल.

तुमचे स्वतःचे पार्लर बंद ठेवण्याची अट न्यायालयात टिकणार नाही असे तुम्हाला कोणी सांगितल्याचे पत्रात आहे. ते अर्धेच बरोबर आहे. करार अधिनियमाच्या कलम 27 नुसार धंद्याला मज्जाव करणारा करार शून्य ठरतो. परंतु फ्रँचायझी चालू असतानाच्या काळापुरती स्पर्धा न करण्याची अट वैध धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून पाच वर्षे तुम्ही बांधल्या गेलात हे धरून चाला. करार संपल्यावर दोन वर्षे सांगली जिल्ह्यात हा धंदा करायचा नाही, असे जे पुढचे वाक्य मसुद्यात आहे ते मात्र कलम 27 पुढे टिकणे अवघड आहे. तरीही ते काढून टाकायला लावा, कारण न टिकणारे कलमसुद्धा नोटीस पाठवायला आणि तुम्हाला वकिलाच्या दारात उभे करायला पुरते. लवादाची जागा मसुद्यात कंपनीच्या मुख्यालयाचे शहर आहे, तीही पुणे किंवा मुंबई करून मागा.

करार आणि जागा यांच्या मुदती जुळत नाहीत, हे तुमच्या नजरेतून सुटले असावे. फ्रँचायझी पाच वर्षांची, पण जागामालकाने लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचा देऊ केला आहे. चौथ्या वर्षी त्याने भाडे दीडपट मागितले किंवा जागाच सोडायला सांगितली तर 26 लाखांची सजावट भिंतींतच राहील, आणि कंपनी मात्र मुदतीआधी शाखा बंद केल्याचा दंड मागेल. करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते हे खरे, पण तो वाद अनेक वर्षे चालतो. दोन्ही करार एकाच मुदतीचे हवेत, जागामालकाच्या बाजूने किमान तीन-चार वर्षांचा लॉक-इन (त्या काळात जागा सोडायला न सांगण्याची अट) हवा, आणि दरवर्षीची भाडेवाढ टक्क्यांत लिहिलेली हवी. हा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 खाली नोंदवणे बंधनकारक आहे. नोटरीवर भागवू नका.

कामगारांच्या बाबतीत तुमच्यासाठी मोठा बदल संख्येचा आहे. आज दोन मुली आहेत, कोष्टकात 11 माणसे आहेत. दहाचा आकडा गाठला की राज्य कामगार विमा लागू होतो (21,000 पर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचा वाटा 3.25 टक्के), ग्रॅच्युइटी आणि प्रसूती लाभ यांची जबाबदारी येते, आणि 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. स्त्री-पुरुष दोन्ही गिऱ्हाइके आणि दोन्ही कारागीर एका छताखाली असतात, तिथे ही समिती कागदापुरती ठेवून चालत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. या धंद्यात मूळ पगार कमी आणि कमिशन जास्त अशी रीत आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येत कमिशनसह वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरला जातो आणि त्यावर देणी वाढतात. कोष्टकात यासाठी एक रुपयाही नाही. कारागीर कंपनीने प्रशिक्षित केलेले असले आणि त्यांच्या छातीवर कंपनीचे नाव असले तरी करारात मालक म्हणून तुमचेच नाव आहे.

कारागीर हीच या धंद्यातली सगळ्यात मोठी आर्थिक जोखीम आहे, हे कुठल्याही करारात लिहिलेले सापडत नाही. चांगला कारागीर उचल घेतो, वर्षभर टिकतो आणि शंभर पावलांवर स्वतःची दोन खुर्च्यांची जागा थाटतो; गिऱ्हाईक त्याच्या हाताच्या मागे जाते, फलकाच्या मागे नाही. प्रशिक्षणाचा खर्च झाला असेल तर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा वाजवी बाँड घेता येतो, मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात तसा बाँड उचलून धरला आहे. पण नोकरी सोडल्यावर त्याला धंदा करण्यापासून तुम्ही अडवू शकत नाही. म्हणजे जे कलम 27 तुम्हाला कंपनीपासून वाचवते, तेच तुमच्या कारागिराला तुमच्यापासून वाचवते.

गिऱ्हाइकांच्या पॅकेजविषयी मसुद्यातले कलम नीट वाचा. कंपनीची सदस्यता योजना अशी आहे : गिऱ्हाईक 10,000 भरते आणि वर्षभरात कोणत्याही शाखेत 12,000 च्या सेवा घेते. पैसे आले त्या महिन्यात गल्ला फुगलेला दिसतो, रॉयल्टी लगेच कापली जाते, आगाऊ रकमेवरचा जीएसटीही लगेच देय होतो, आणि उरलेली रक्कम भाड्या-पगारात संपते. सेवा मात्र पुढचे अकरा महिने द्यायच्या असतात, वर्षभराचा रंग आणि वर्षभराची मजुरी खर्चून. तुमच्या शाखेने विकलेले पॅकेज गिऱ्हाइकाने पुण्यात वापरले तर पुण्याच्या शाखेला किती द्यायचे, आणि पुण्यातले इथे वापरले तर तुम्हाला किती आणि कधी मिळणार, याचे उत्तर मसुद्यात ‘कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार’ एवढेच आहे. आकडा आणि दिवस लिहून घ्या. सदस्यतेचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून सेवा दिली तेवढेच दरमहा धंद्याच्या खात्यात घेण्याची शिस्त लावा, नाहीतर विक्री वाढतेय असे वाटता वाटता देणी साठतात.

रसायनांबाबत कंपनी आपलीच उत्पादने वापरायला लावते. केस सरळ करण्याच्या काही मिश्रणांत फॉर्मल्डिहाइडऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल येऊ लागले, आणि अशा उपचारानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे 2024 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आली. गिऱ्हाइकाला इजा झाली तर ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली पहिली नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2021 मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये ती रक्कम पुराव्याच्या आधारावर ठरलेली नाही म्हणून बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवले. तुमच्यावर दोन कोटींचा दावा होईल असे नव्हे, पण मसुद्यात नुकसानभरपाईचे कलम एकतर्फी आहे : कंपनीला झळ बसली तर तुम्ही भरायचे. कंपनीने सक्तीने पुरवलेल्या मालामुळे तुम्हाला झळ बसली तर कंपनीने भरायचे, असे वाक्य त्यात आलेच पाहिजे. केसरोपणासारख्या वैद्यकीय सेवा सलूनमध्ये सुरू करण्याचा प्रस्ताव आला तर सरळ नकार द्या; ते पात्र डॉक्टरांचे काम आहे.

नावाचा धोकाही लक्षात घ्या. जानेवारी 2022 मध्ये एका प्रसिद्ध केशरचनाकाराने उत्तर प्रदेशातल्या कार्यशाळेत एका महिलेच्या केसांवर थुंकल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि माफी मागावी लागली. अशा वेळी दूरच्या शहरात त्याच नावाखाली प्रामाणिकपणे दुकान चालवणाऱ्याने काय करायचे? कंपनीच्या कृत्याने नावाची बदनामी झाल्यास काही महिन्यांची रॉयल्टी माफ, असे कलम मागता येते. 2020 साली टाळेबंदीत राज्यातली सलून्स मार्चअखेरपासून 28 जूनपर्यंत बंद होती आणि उघडली तेव्हाही सुरुवातीला निवडक सेवांनाच परवानगी होती. तुमच्या मसुद्यात अशा सरकारी बंदीच्या काळातही दरमहा 30,000 किमान रॉयल्टी लागू राहते, ती अट काढून टाकायलाच हवी.

एक बाब छोटी, पण दंडाची. कंपनीच्या नियमपुस्तिकेत फलक फक्त इंग्रजीत दाखवला आहे. महाराष्ट्रात दुकानाच्या फलकावर देवनागरी मराठी नाव अग्रक्रमाने आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवे. फलक बनवण्याआधी कंपनीकडून त्याची लेखी मंजुरी घ्या.

घराविषयी यजमानांचे मत वेगळे आहे असे तुम्ही लिहिता. त्यांना हा हिशेब दाखवा. मसुद्यात तुम्हा दोघांची वैयक्तिक हमी मागितली आहे, त्यामुळे एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढूनही घर सुरक्षित राहणार नाही. निवृत्तीची रक्कम आणि राहते घर एकाच धंद्यात गुंतवण्याइतका नफा या कोष्टकात दुरुस्ती केल्यावर उरत नाही. त्याऐवजी तुमच्याच पार्लरला शेजारचा गाळा जोडून दहा-बारा लाखांत पाच खुर्च्यांचे सलून होईल का, ते तपासा. 10 लाखांपर्यंतचे मुद्रा कर्ज विनातारण मिळू शकते, रॉयल्टीचा भार नाही, आणि नऊ वर्षांत जोडलेली गिऱ्हाइके तुमचीच राहतात. फ्रँचायझीत मात्र गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि करार संपल्यावर तुम्हाला त्यांतला एकही वापरता येत नाही, असे मसुद्याचे एक कलम सांगते.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की, प्रतिनिधी येत्या शुक्रवारी 51,000 रुपयांचे परत न मिळणारे टोकन मागतो आहे, ते द्यावे का? देऊ नका. त्याला ईमेलने पाच गोष्टी कळवा : नव्या जीएसटीनुसार दुरुस्त केलेले कोष्टक, बंद पडलेल्या शाखांची यादी, जागेच्या मुदतीशी जुळणारा करार, सरकारी बंदीत रॉयल्टी माफी आणि दोन्ही बाजूंनी लागू होणारे नुकसानभरपाईचे कलम. उत्तर लेखी आले तर मसुदा सांगलीतल्याच एखाद्या करार जाणणाऱ्या वकिलाला आणि तुमच्या सीएला दाखवून मगच चेकबुक काढा. शुक्रवारनंतर संधी जाईल असे तो म्हणत असेल तर जाऊ द्या.